वाटाड्या

मराठीत प्रवासवर्णनांची वाण नाही. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० साली आले, पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली आले, आणि तेव्हापासून परदेशी शहर पाहून आलेल्या माणसाने पुस्तक लिहावे, हा आपल्या पांढरपेशा वर्गाचा शिरस्ताच पडला. या वाङ्मयाचा एक ठरीव साचा आहे. लेखक बोटीत किंवा विमानात बसतो, परक्या शहरातील उंच इमारती, संग्रहालये, पूल, बागा पाहतो, थक्क होतो, थोडी थट्टा करतो आणि शेवटी घरच्या वरणभाताच्या आठवणीने व्याकूळ होऊन परत येतो. या लेखकाला घराची ओढ लागते, कारण ज्या घरातून तो निघाला त्या घराने, त्या गावाने आणि त्या रस्त्याने त्याला कधी नाकारलेले नसते.

ज्याला स्वतःच्या गावचा पाणवठा मोकळा नव्हता, अशा विद्यार्थ्याने परक्या देशात एखादे महानगर पाहिले असेल तर त्याच्या पाहण्याचे काय होते? या प्रश्नाचा विचार आपल्या समीक्षेने केलेला नाही. मी तो बाबासाहेबांच्या निमित्ताने करू इच्छितो. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कचे प्रवासवर्णन लिहिले नाही. परंतु शहर पाहण्याचा अनुभव त्यांच्या लेखनात वेगळ्या वाटेने उतरला आहे, आणि ती वाट शोधण्यासारखी आहे.

१

भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले. वय बावीस. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारलेले. सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळालेली, आणि तिच्या मोबदल्यात दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करण्याचा करार केलेला. त्या काळचे न्यूयॉर्क म्हणजे जगाने डोळे विस्फारून पाहावे असे शहर होते. ग्रँड सेंट्रल हे प्रचंड रेल्वे स्थानक त्याच फेब्रुवारीत उघडले होते. एप्रिलमध्ये ७९२ फूट उंचीची वूलवर्थ बिल्डिंग उघडली आणि जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून तिचा गाजावाजा झाला. बेचाळिसाव्या रस्त्यावरील सार्वजनिक ग्रंथालयाला अवघी दोन वर्षे झाली होती. जमिनीखालून धावणारी रेल्वे पाच सेंटांत माणसाला कोलंबिया विद्यापीठाच्या दारापासून शहराच्या दक्षिण टोकापर्यंत नेत असे.

भीमराव आधी विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये राहिले, मग कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राच्या सोबतीने. पहिले काही महिने मित्रमंडळी, खेळ आणि मौज यांत गेले, नंतर एका रात्री स्वतःच्या जबाबदारीची तीव्र जाणीव होऊन त्यांनी अभ्यासाला वाहून घेतले, असे चरित्रकार सांगतात. आपल्याकडे व्याख्यानांतून ही हकीकत सांगताना पहिले महिने म्हणजे जणू एक डाग, अशा सुरात सांगितली जाते. वर्गात मी हा भाग शिकवतो तेव्हा मला तसे वाटत नाही. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. नव्या शहरात आपल्याला कोणी अडवीत नाही याची खात्री पटायलाच काही दिवस लागतात, हे मला ठाऊक आहे. बावीस वर्षांचा एक महार तरुण कोणत्याही उपाहारगृहात बसतो, कोणत्याही नळाचे पाणी पितो, कोणी जात विचारीत नाही. ते महिने वाया गेले असे कोणी म्हणावे? माणूस म्हणून वावरण्याचा तो पहिला सराव होता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत बाबासाहेबांनीच नोंदले आहे की, युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्यांच्या मनातून पार पुसून गेली होती.

यात एक विलक्षण विनोदही आहे. त्या काळी अमेरिकन माणूस हिंदुस्थानातून आलेल्या प्रत्येकाला सरसकट 'हिंदू' म्हणत असे, मग तो शीख असो की मुसलमान. ज्याला हिंदू समाजाने आपल्या देवळात घेतले नाही, तो अमेरिकेत कोणताही संस्कार न होता हिंदू ठरला, आणि ब्राह्मण विद्यार्थ्याच्या बरोबरीने ठरला!

२

पण म्हणून न्यूयॉर्क हे समतेचे नगर होते, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. वूलवर्थ बिल्डिंगपासून एक चौक सोडून, व्हेसी स्ट्रीटवर, १९१३ साली एक कचेरी होती. तेथून डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे निग्रो विद्वान 'क्रायसिस' नावाचे मासिक चालवीत आणि काळ्या माणसांना झुंडीने ठार मारण्याच्या घटनांची नोंद महिन्यामागून महिना छापीत. त्याच वर्षी अध्यक्ष विल्सन यांच्या राजवटीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांतून काळे-गोरे कर्मचारी वेगळे करण्यास सुरुवात झाली. १९१५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिबर्टी थिएटरात 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा काळ्यांची निंदा करणारा चित्रपट लागला. थिएटराचे नाव 'स्वातंत्र्य' आणि पडद्यावर गुलामगिरीचे गोडवे! कोलंबियाच्या टेकडीवरून उत्तरेला वीसेक रस्ते ओलांडले की हार्लेमची काळी वस्ती आकार घेत होती. वूलवर्थचे शिखर पाहण्यासाठी मान वर करणाऱ्या प्रवाशाला शेजारची ती कचेरी दिसत नव्हती.

याच ड्यू बॉइस यांनी वीस वर्षांपूर्वी उलट्या दिशेचा प्रवास केला होता. १८९२ ते १८९४ या काळात ते बर्लिन विद्यापीठात शिकत होते. स्लेटर फंडाकडून मिळालेला पैसा अर्धा देणगी आणि अर्धा कर्ज अशा स्वरूपाचा होता. सुट्ट्यांत ते स्वस्त डब्यांतून युरोपातील शहरे पाहत हिंडले. अमेरिकेत जो वर्ण पावलोपावली आडवा येई, तो येथे आड येत नव्हता. गोऱ्यांच्या शेजारी बसून संगीत ऐकता येत होते, चित्रे पाहता येत होती. आपल्याला युरोपने माणूस म्हणून वागवले, हे त्यांनी पुढे कृतज्ञतेने लिहिले.

परंतु त्याच बर्लिनमध्ये ट्राइट्श्के हे नामांकित इतिहासाचार्य भर वर्गात मिश्र रक्ताच्या लोकांना हीन ठरवीत होते आणि ड्यू बॉइस समोर बसून ते ऐकत होते. पूर्व युरोपातील एका लहान गावी गाडीवानाने त्यांचा चेहरा न्याहाळून 'यहुद्यांत उतरायचे का?' असे विचारले. त्यांनी होकार दिला आणि आडगल्लीतल्या एका यहुदी खाणावळीत मुक्काम केला. गाडीवानाच्या हिशेबी सावळा परका माणूस म्हणजे यहुदी. अमेरिकेत निग्रो असलेला माणूस सीमा ओलांडताच दुसऱ्या कोणाच्या बहिष्काराचा वारस झाला. १९४९ साली वॉर्सा शहरात यहुदी वस्तीचे भग्नावशेष पाहिल्यावर ड्यू बॉइस यांना या जुन्या फेरीचा अर्थ उमगला, आणि १९५२ साली त्यांनी लिहिले की, हा प्रश्न केवळ रंगाचा मानणे अपुरे होते.

ड्यू बॉइस यांना बर्लिन मोकळे वाटले आणि आंबेडकरांना न्यूयॉर्क मोकळे वाटले. परंतु बर्लिनच्या यहुद्याला बर्लिन आणि न्यूयॉर्कच्या निग्रोला न्यूयॉर्क तितके मोकळे नव्हते. प्रत्येक समाज आपला अस्पृश्य स्वतः निवडतो, आणि दुसऱ्याच्या अस्पृश्याला पाहुणा म्हणून बसायला खुर्ची देतो. पाहुण्याला मिळालेली ही खुर्ची खोटी नसते, पण तिच्यावरून त्या घराची परीक्षा करता येत नाही.

३

मोकळ्या शहरात पोहोचलेल्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात. एक, मागचे सारे विसरून तेथील सुखात विरघळून जाण्याची. दुसरी, तेथे मिळालेल्या उजेडात मागे वळून पाहण्याची. बाबासाहेबांनी कोणती वाट धरली याचा पुरावा ९ मे १९१६ या तारखेला सापडतो. त्या दिवशी त्यांनी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात हिंदुस्थानातील जातींवरचा आपला निबंध वाचला. त्याची सुरुवात आपण नीट वाचत नाही, थेट सजातीय विवाहाच्या सिद्धांताकडे धावतो. सुरुवातीला बाबासाहेब श्रोत्यांना भौतिक वस्तूंच्या प्रदर्शनांची आठवण करून देतात आणि मानवी संस्थांचेही प्रदर्शन का असू नये, असे विचारतात. तुम्ही पाँपेईसारख्या जागी गेला असाल, तेथील वाटाड्याच्या तोंडून अवशेषांचा इतिहास ऐकला असेल, असे ते म्हणतात, आणि मानववंशशास्त्राचा विद्यार्थी हा एका अर्थी त्या वाटाड्यासारखाच असतो, असे सांगतात.

तीन वर्षे महानगर पाहणारा विद्यार्थी येथे उलटा फिरला आहे. तो आता प्रेक्षक राहिलेला नाही. समोर अमेरिकन प्रेक्षक बसले आहेत, आणि हा पंचवीस वर्षांचा तरुण त्यांना एक जुनी वास्तू दाखवीत आहे. मात्र पाँपेईचे अवशेष मेलेले होते, या वास्तूत कोट्यवधी माणसे जिवंत कोंडलेली होती, आणि वाटाड्या स्वतः तिच्या तळघरातून आला होता.

'वाटाड्या' या शब्दापाशी आपल्या वाचकांनी क्षणभर थांबावे. महार वतनाच्या कामांत वाट दाखवण्याचे काम होते. सरकारी अंमलदार किंवा वाटसरू गावात आला की त्याच्यापुढे चालावे, त्याचे ओझे वाहावे, पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचवावे. ही चाकरी सक्तीची होती. आंबेडकरांच्या घरी पलटणीची नोकरी होती म्हणून ती त्यांच्या वाट्याला आली नाही, पण जातीच्या वाट्याला ती शतकानुशतके होती. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक त्यांनी मांडले, ते याच सक्तीवर घाव घालण्यासाठी. १९१६ च्या निबंधातला शब्द त्यांनी इंग्रजीत वापरला आहे आणि तेव्हा त्यांच्या मनात वतन होते असा दावा मी करीत नाही. परंतु इतिहासाचा न्याय पाहा. ज्या जातीला दुसऱ्याच्या वाटेवर ओझे घेऊन चालायला लावले, तिचा मुलगा जगाच्या विद्वानांना जातिसंस्थेची वाट दाखवीत उभा राहिला. पायांची सक्ती संपली आणि बुद्धीची वाटाडेगिरी सुरू झाली.

त्याच निबंधात त्यांनी श्रीधर व्यंकटेश केतकरांचा हवाला देऊन इशारा दिला आहे की, हिंदू लोक जगात इतरत्र गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. केतकरही अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले. दोघे मराठी विद्यार्थी परक्या भूमीवर याच प्रश्नाकडे वळले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

४

परतल्यावर काय झाले? १९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब करारानुसार बडोद्याला नोकरीसाठी गेले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सराईत पारशी नाव सांगून राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईच्या गाडीला पाच तास अवकाश होता, ते त्यांनी कामाठी बागेत बसून घालवले. न्यूयॉर्कमध्ये एक पारशी त्यांच्या खोलीचा भागीदार होता, बडोद्यात पारशी लाठ्या घेऊन आले. जे शहर त्यांच्या विद्येचा खर्च देत होते, त्या शहरात त्यांना बसायला फक्त बाग उरली.

१९३४ साली तीसेक कार्यकर्त्यांसह ते वेरूळची लेणी पाहायला निघाले. त्यांच्या मराठी मुलखाजवळची म्हणावी अशी ही निखळ सहल. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींनी दरवाजाजवळच्या हौदाच्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. एक वृद्ध मुसलमान, धेडांनी हौद बाटवला म्हणून ओरडत आला आणि जमाव गोळा झाला. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो या अटीवर की आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि पाळतीला एक हत्यारबंद शिपाई बरोबर. न्यूयॉर्क, लंडन आणि बॉन पाहून आलेल्या बॅरिस्टराला आपल्या देशातला किल्ला पहाऱ्यात पाहावा लागला.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' उघडून पाहा. गोरेगावचा बैलगाडीचा प्रवास, बडोद्याची सराई, चाळीसगावचा टांगा, दौलताबादचा हौद, या त्यांच्या स्वतःच्या हकिकती साऱ्या प्रवासाच्याच आहेत. दलितांचे प्रवासवर्णन हे असे असते. त्यात प्रेक्षणीय स्थळ नसते, अडवणुकीचे स्थळ असते. शीर्षकातला 'व्हिसा' परदेशाचा नाही, स्वदेशाचा आहे.

५

१९४६ च्या जुलैत बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या, आणि आपण निग्रो प्रश्नाचे विद्यार्थी राहिलो आहोत असे कळवले. ३१ जुलैला उत्तर आले, सहानुभूतीचे. एकाच शहरात तीन वर्षे राहून न भेटलेली ही दोन माणसे तीस वर्षांनी कागदावर भेटली. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील दासमुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केली होती, त्या धाग्याला या पत्राने दुसरी गाठ मारली.

आज आपली मुले शिष्यवृत्त्या घेऊन परदेशी जातात, शहरे पाहतात. त्यांनी ती मनसोक्त पाहावीत, नाटके पाहावीत, नद्यांच्या काठी हिंडावे. त्या आनंदावर बाबासाहेबांच्या नावाने वेसण घालू नये. पण दोन गोष्टी त्यांनी जाणून असाव्यात. पहिली, १९१६ चा इशारा खरा ठरला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसाच कायदा राज्यपालांनी नकाराधिकाराने थोपवला. परदेशी शहरात आता आडनाव विचारणारे आपलेच देशबांधव शेजारी राहतात. दुसरी, २०२२ साली केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे संशोधनविषय वगळण्यात आले. या नियमाखाली १९१६ चा तो निबंध लिहिण्यासाठी कोणाला पैसा मिळाला नसता. दलित विद्यार्थ्याने लंडन पाहावे, न्यूयॉर्क पाहावे, पण तेथे उभे राहून आपले गाव पाहू नये, असाच याचा अर्थ होतो.

शहर पाहणारा विद्यार्थी कोणत्याही व्यवस्थेला चालतो. तो वाटाड्या होऊ लागला की तिला भीती वाटते. म्हणून आपल्या मुलांनी परदेशी जाताना सामानात पहिल्यांदा हा निबंध ठेवावा, आणि परदेशी पोहोचल्यावर त्याचे पहिले पान पुन्हा वाचावे.