मेरिट मोजतं कोण?

गेल्या आठवड्यात मेट्रोत एका सहकाऱ्याशी जुंपली. मी मुलुंडहून येतो, घाटकोपरला लोकल सोडून अंधेरीची मेट्रो पकडतो. तोही तिथेच चढतो. नव्या भरतीत विविधता हवी, अशी मेल ऑफिसात आली होती. त्यावरून त्याची गाडी सुटली ती थेट सैन्यावर. "निदान मिलिटरीत तरी शुद्ध मेरिट आहे. तिथे जात विचारली असती तर देश बुडाला असता!" मी गप्प बसलो (त्या गर्दीत वाद घालायला फुप्फुसं लागतात). पण मंडळी, तिथे जात विचारली गेलीय, आणि तीही लायकीच्या नावाखाली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा कोरेगाव भीमाचा स्तंभ पाहिलात तर कंपनीच्या मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार. या लष्कराची आणखी एक खासियत होती. मराठा, महार, मुसलमान, बेने इस्रायली असे सगळे एकाच पलटणीत, एकाच रांगेत. बढती मिळत मिळत महार शिपाईसुद्धा सुभेदार व्हायचा, आणि मग इतरांनी त्याला सलाम ठोकायचा. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ असेच सुभेदार, शिवाय लष्करी शाळेत मुख्याध्यापक. भरतीचं दार एक पिढी आधी बंद झालं असतं तर आपला इतिहास काय झाला असता, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

ते दार बंद झालंच, फक्त थोडं उशिरा. १८८५ ते १८९३ लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्यांचं ठाम मत असं की उत्तरेकडच्या काही जमातीच काय त्या 'लढवय्या', बाकीचे शांततेत राहून मऊ पडलेले. त्यात पलटणी जातवार करायचं धोरण आलं. वरच्या जातींचे शिपाई महारांच्या बरोबरीने, त्यांच्या हुकमाखाली राहायला नाखूश, ही सबब होतीच. आता लष्कर म्हणजे शिस्तीचं खातं ना? मग कुरकुर करणाऱ्याला सरळ करायचं, की ज्याच्याबद्दल कुरकुर आहे त्यालाच घरी बसवायचं? १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. नेम कुणाचा चुकला होता, कोण पळालं होतं, हे कुणी तपासलं नाही.

निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळेंनी थेट भारतमंत्र्यांपर्यंत मागणी नेली. उपयोग शून्य. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. म्हणजे मधल्या पंचवीस वर्षांत ही जात अचानक लढवय्यी झाली! युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये पलटणही मोडली. पुन्हा युद्ध, पुन्हा गरज. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्याच ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली. पुढे त्यात सगळ्या समाजांची मुलं आली. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. श्रीलंकेत १९८७ मध्ये छातीत गोळी लागूनही लढलेले परमवीर मेजर रामास्वामी परमेश्वरनही याच रेजिमेंटचे, आणि जन्माने मुंबईकर.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. एका जुन्या कंपनीत रात्री-बेरात्री उठून सर्व्हर सावरणारी एक मुलगी होती. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्या कामाला रकानाच नव्हता. शेरा मिळाला 'साधारण'.

२५ मार्च २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचताना तिची आठवण झाली. सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशन देताना त्यांचे जुने गोपनीय अहवाल धरले गेले. पण ते लिहिले तेव्हा त्यांना कायम कमिशन मिळणारच नव्हतं, म्हणून लिहिणाऱ्यांनी उरकून टाकलेले! शिवाय पुरुषांची तब्येत पाचव्या किंवा दहाव्या वर्षी तपासलेली, आणि या बायकांची आता, चाळिशी-पन्नाशीत. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. नियम कागदावर अगदी सारखाच होता हो.

असो. सोमवारी मेट्रोत हे सगळं त्याला सांगायचं ठरवलंय. घाटकोपर ते अंधेरी पंधरा-वीस मिनिटं मिळतात. १९१७ पर्यंत तरी पोचेन.