पोहरादेवीची लापशी : तांड्याच्या चुलीवरचा इतिहास

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. रामनवमीला मोठी यात्रा भरते. 15 फेब्रुवारीला सेवालाल जयंती असते. त्या दिवशी तांड्यातांड्यात भोग लागतो. निखाऱ्यावर तूप आणि लापशी वाहतात, मग प्रसाद वाटतात. आज मी त्या लापशीबद्दल बोलणार आहे.

करायची कशी? गव्हाचा जाडसर भरडा तुपात खमंग भाजायचा, उकळतं पाणी घालून मऊ शिजवायचा आणि मगच गूळ टाकायचा. गूळ आधी टाकला तर दाणा टणक राहतो. एक भांडं, तीन दगडांची चूल. पाक नाही, साचा नाही. रोज मुक्काम बदलणाऱ्या माणसांना सोयीचं असं हे गोड आहे.

आता मुक्काम का बदलायचे ते बघा. सतराव्या शतकात ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले; पाठीवर धान्य नाहीतर मीठ. 1803 मध्ये वेलस्लीची फौज आपल्या वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडला लढली, तेव्हाही ती बंजाऱ्यांच्या धान्यावर अवलंबून होती. म्हणजे लढाया ज्यांच्या नावावर आहेत, त्यांची पोटं दुसऱ्याच कुणीतरी भरली होती.

पुढे 1867 मध्ये रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली. बैलांचा धंदा बसत गेला. 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला आणि ज्यांनी फौजा जगवल्या, त्यांच्यावर काही प्रांतांत 'गुन्हेगार' हा शिक्का बसला. तो कायदा रद्द व्हायला 1952 उजाडलं.

सरकारी कागदांत बैल मोजलेले सापडतात, गोण्या सापडतात. चुलीपुढे बसून भरडा भाजणारी याडी, म्हणजे आई, तिथे सापडत नाही. ती सापडते या लापशीत. व्यापार गेला, बैल गेले, तांडे एका जागी स्थिरावले. पण भोगाला आजही लापशीच लागते.

म्हणून एक विनंती. घरातल्या म्हातारीला विचारा, भरडा किती भाजायचा, गूळ कधी टाकायचा. आणि ती सांगेल ते तिच्याच गोरबोलीत लिहून ठेवा. लिहिलेला इतिहास ज्यांच्या वाट्याला कमी आला, त्यांच्यासाठी हा दस्तऐवजच आहे.