आर्थर न्यूटनची तालीम

मॅरॅथॉन शर्यतीचे अंतर २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. ह्याहून लांब पल्ल्याच्या शर्यतीस अल्ट्रामॅरॅथॉन म्हणतात, आणि तिची हौस बाळगणारी मंडळी अलीकडे पुण्या-मुंबईकडेही दिसू लागली आहेत. ज्याने असा पल्ला पूर्वी कधी धावून पाहिला नाही त्याने त्याची तयारी कशी करावी, हे सांगणारी पुस्तके आज आहेत, शिक्षक आहेत, नाडीचे ठोके मोजणारी व मनगटावर बांधावयाची यंत्रेही आहेत. शंभर वर्षांपूर्वी ह्यांपैकी काहीच नव्हते. अशा काळी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात एका शेतकऱ्याने, वयाची चाळिशी जवळ आली असता, ही तयारी केवळ आपल्या अकलेने केली, व ती करण्यामागे त्याचा हेतू सरकारपुढे आपली एक फिर्याद मांडणे हा होता. आर्थर न्यूटन हे त्याचे नाव. त्याची हकीकत व्यायामाच्या इतिहासात सांगितली जाते. ती जमिनीच्या इतिहासातही सांगावयास हवी असे आम्हांस वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

दूर धावत जाणे हा प्राचीन काळी पोटाचा किंवा चाकरीचा विषय होता. इ. स. पूर्व ४९० मध्ये फिडिपिडीज हा अथेन्सहून निघून दुसऱ्या दिवशी स्पार्टास पोहोचला, असे हेरोडोटस लिहितो. आमच्या मराठेशाहीतही जासुदांच्या जोड्या पत्रे घेऊन मुलूख तुडवीत होत्याच. त्यांस कोणी बक्षीस दिले नाही व त्यांच्या वेळाची नोंद ठेवली नाही. चैनीखातर किंवा कीर्तीखातर पन्नास पन्नास मैल धावणे ही अर्वाचीन काळाची गोष्ट आहे. आणि तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध शर्यत जी कॉम्रेड्स, ती तर चैनीतूनही नव्हे, शोकातून निघाली.

विक क्लॅपहॅम हा आगगाडीचे इंजिन हाकणारा मनुष्य पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेच्या पलटणीतून पूर्व आफ्रिकेत लढला होता. तेथील उन्हातान्हात ज्या सोबत्यांबरोबर त्याने शेकडो मैल कूच केले त्यांपैकी कित्येक परत आले नाहीत. त्यांचे स्मारक दगडाचे असू नये, जिवंत माणसांनी तसेच कष्ट सोसून ते करावे, असे त्याच्या मनाने घेतले. पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन ह्या सुमारे ५४ मैलांच्या, म्हणजे ८७ किलोमीटरांच्या रस्त्यावर शर्यत लावण्याची परवानगी त्याने माजी सैनिकांच्या संघाकडे मागितली. १९१८, १९१९ व १९२० अशी तीन वर्षे त्यास नकार मिळाला. चौथ्या वेळी संघाने मान्यता दिली व खर्चासाठी एक पौंड दिला, तोही परत करण्याच्या बोलीवर! २४ मे १९२१ रोजी ३४ माणसे निघाली, १६ पोहोचली. बिल रोवन हा ८ तास ५९ मिनिटांत पहिला आला. रस्ता बहुतेक मातीचाच होता. डर्बन समुद्रकाठी आहे आणि मधले डोंगर ८०० मीटरांहून अधिक उंचीपर्यंत चढतात. शर्यत एका वर्षी उताराकडे तर दुसऱ्या वर्षी चढाकडे धावण्याची वहिवाट पुढे पडली. उताराचे वर्ष सोपे असेल, असे न धावणाऱ्यास वाटते. वस्तुतः उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच देहाचा भार झेलतात व त्यामुळे अधिक फाटतात. धावून आलेली माणसे दुसऱ्या दिवशी जिना उलट्या पावलांनी उतरतात ती त्यामुळेच.

आता न्यूटनकडे वळू. तो १८८३ मध्ये इंग्लंडात जन्मला व तरुणपणी नाताळात आला. हार्डिंग गावाजवळ त्याचे शेत होते. तंबाखू व कापूस तो काढी. युद्धात त्याने मोटारसायकलीवरून निरोप पोहोचविण्याची चाकरी केली. परत येऊन पाहतो तो शेताची दुर्दशा झालेली; त्यात भोवतालचा मुलूख कृष्णवर्णीयांच्या वस्तीसाठी राखून ठेवण्याचे सरकारने ठरविल्यामुळे त्याच्या जमिनीची किंमत बुडाली. त्याने भरपाई मागितली. ती मिळाली नाही. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, उत्तर एकच. तेव्हा त्याने असा विचार केला की, अप्रसिद्ध शेतकऱ्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही; परंतु निर्मळ, बिनपैशाच्या खेळात ज्याने मोठे नाव मिळविले त्याचे म्हणणे लोक ऐकतात, आणि लोक ऐकू लागले म्हणजे सरकारास ऐकावे लागते. नाव मिळविण्यासाठी शर्यत हाताशी होतीच.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत जमिनीचा जो कायदा झाला, त्याने देशातील सुमारे सात टक्के भूमी तेवढी कृष्णवर्णीयांस ठेवली व तिच्याबाहेर जमीन विकत किंवा खंडाने घेण्यास त्यांस बंदी केली. लोकसंख्येत ते दोनतृतीयांश होते. ह्या कायद्याने किती कुटुंबे गुरांसह रस्त्यावर आली ह्याची वर्णने सॉल प्लाटजे ह्या आफ्रिकन ग्रंथकाराने १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. त्या महापुराशेजारी न्यूटनचा तोटा म्हणजे एक ओंजळ पाणी. त्याचा तोटा खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे घर बुडते त्यास शेजारच्या गावाचा हिशेब सांगून समाधान होत नसते. परंतु ज्या गाऱ्हाण्यासाठी त्याने एवढा देह झिजविला ते त्या देशातील मोठ्या अन्यायाच्या उलट्या अंगाला उभे होते, हे त्याचे चरित्रकार झपाट्याने ओलांडून जातात, आणि आमच्या मते तेथेच थांबावयास हवे.

असो. १९२२ च्या जानेवारीत त्याने तालमीस आरंभ केला. शर्यतीस सुमारे वीस आठवडे होते. पहिल्या धावेत दोनच मैलांत त्याचे पाय असे आखडले की पुढे चालणेही कठीण झाले. त्या काळच्या जाणत्यांचे मत असे की, लांब शर्यतीसाठी पुष्कळ चालावे, व धावावयाचे ते थोडे परंतु वेगाने. न्यूटनने हे मत तपासून पाहिले व टाकून दिले. त्याचे तर्कशास्त्र अगदी शेतकऱ्याचे होते: जे पीक काढावयाचे तेच पेरावे. ज्यास सबंध दिवस धावावयाचे आहे त्याने सबंध दिवस टिकेल अशाच चालीने धावण्याचा अभ्यास करावा. अंतर आधी, वेग मागाहून. म्हणून तो सावकाश धावू लागला, परंतु रोज. आणि अंतर एवढ्या हलक्या हाताने वाढवू लागला की, कालच्यापेक्षा आज अधिक झाले हे पायांस कळू नये. पाऊल लांब टाकण्याचा डौल त्याने सोडला. आखूड, जमिनीलगत सरपटल्यासारखे पाऊल. पाहणारास हसू यावे, पण शक्ती वाया जाऊ नये.

पुढे त्याने ह्या अनुभवावर पुस्तके लिहिली. १९३५ मध्ये ‘रनिंग’ व १९४७ मध्ये ‘कॉमनसेन्स ॲथलेटिक्स’ ही त्यांपैकी दोन. त्यांतील उपदेश आजही जुना वाटत नाही. वर्षभर सराव ठेवावा, सरावात शर्यत करू नये, आज अमुक मैल झालेच पाहिजेत असा हट्ट धरू नये, अंगाची तक्रार ऐकावी, शर्यतीपूर्वी विश्रांती घ्यावी, नोंदवही ठेवावी, आणि मनासही देहाइतकीच तालीम द्यावी, कारण चाळीस मैलांनंतर पायांपेक्षा मनच आधी बसकण मारते. परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात वर्षाचा अभ्यास उरकू पाहणारे विद्यार्थी आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. न्यूटनची ही कलमे कॉलेजच्या फलकावर लावण्यास हरकत नाही, असा विचार मनात येऊन जातो.

शास्त्र त्याच्या मागाहून आले. मंद गतीने धावताना देह चरबीचे इंधन अधिक वापरतो आणि स्नायूंत साठविलेली शर्करा पुरवून पुरवून खर्च होते. ती शर्करा भर वेगात वीस-बावीस मैलांत संपण्याच्या बेतास येते. दीर्घ, मंद सरावाने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, स्नायुबंध व हाडे हळूहळू बळावतात, आणि ह्या शेवटच्या दोहोंस स्नायूंपेक्षा अधिक अवधी लागतो. घाई करणारा जायबंदी होतो तो बहुधा तेथेच. न्यूटनला ह्यांतले काहीही कोणी शिकविले नव्हते. धावताना पिण्यासाठी त्याने लिंबाचे पेय, साखर व मीठ ह्यांचे एक मिश्रण ठरविले होते व त्याचे धावपटूंत पुढे मोठे नाव झाले. आमच्या गृहिणींस त्यात नवे असे काहीच वाटणार नाही.

तयारीवाचूनही हा पल्ला गाठणारा एक वीर त्याच वर्षी निघाला, हे सांगितले नाही तर हकीकत एकांगी होईल. बिल पेन हा डर्बनमधील शिक्षक व रग्बीचा नामांकित खेळाडू. न्यूटन त्याच्याकडे उतरला होता, आणि आदल्या रात्री गप्पांच्या भरात त्याने पेनला शर्यतीस उभे राहण्यास राजी केले, असे सांगतात. पेन रग्बीचे बूट घालून निघाला. वाटेत त्याने थांबून अंडी खाल्ली, एका सोबत्याबरोबर कोंबडीची करी खाल्ली, बीर घेतली, एका बाईने पुढे केलेली ब्रँडीही नाकारली नाही. आणि इतके करूनही पहिल्या दहांत आला! त्याच्या पायांची काय दशा झाली असेल ती सांगावयास नको. हा मार्ग आम्ही कोणास सुचवीत नाही.

२४ मे १९२२ रोजी शर्यत डर्बनहून चढाकडे होती. चार दिवसांपूर्वीच न्यूटनला ३९ वे वर्ष पूर्ण झाले होते. तरुण मंडळी पुढे पळाली. न्यूटन आपल्या चालीने निघाला, आणि जसजसे डोंगर आले तसतसा एकेकास मागे टाकीत ८ तास ४० मिनिटांत पहिला आला. दुसरा त्याच्या मागे जवळजवळ अर्ध्या तासाने. पुढल्या वर्षी त्याने ६ तास ५६ मिनिटे घेतली. इतक्या लवकर कोणी येऊ शकेल ही कल्पनाच नसल्यामुळे शेवटच्या रेषेपाशी मूठभर माणसे होती. १९२४, १९२५ व १९२७ मध्येही तोच जिंकला. १९२५ चा त्याचा वेळ ६ तास २४ मिनिटे. पहिल्या शर्यतीपासून चार वर्षांत अडीच तास कमी!

नाव झाले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, लोक ऐकू लागले. सरकारने ऐकले नाही. १९२५ मध्ये शेत सोडून तो ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, निघून गेला. फिर्याद मागे राहिली व धावणे तेवढे बरोबर आले. १९२८ च्या जानेवारीत त्याने इंग्लंडात बाथच्या रस्त्यावर १०० मैल १४ तास २२ मिनिटांत तोडले; त्याच वर्षी अमेरिकेत लॉस एंजलीस ते न्यूयॉर्क ही खंडपार शर्यत लागली, तीत आघाडीवर असताना टाचेच्या शिरेने दगा दिल्यामुळे त्यास सोडावी लागली. आयुष्यात तो लाखाहून अधिक मैल धावला. १९५९ मध्ये तो वारला.

ज्या पीटरमॅरिट्झबर्गच्या गावात न्यूटन विजयी होऊन पोहोचला, त्याच गावच्या स्टेशनावर १८९३ मध्ये गांधीजींस गाडीतून उतरविले होते, हे आमच्या वाचकांस आठवल्यावाचून राहणार नाही. त्या मनुष्यासही गाऱ्हाणे होते, आणि त्यानेही पुढे पायांस तालीम दिली. १९१० मध्ये जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर टॉल्स्टॉय फार्म वसला तेव्हा नियम असा झाला की, खाजगी कामासाठी शहरात जाणाऱ्याने पायीच जावे. सत्याग्रही पहाटे दोन वाजता निघत व सहा-सात तासांत पोहोचत. ४ तास १८ मिनिटांचा विक्रमही गांधीजींनी नमूद केला आहे. नामदार गोखले १९१२ मध्ये तेथे गेले असता गांधीजींनी त्यांसही स्टेशनपासून दीड मैल चालविले. वाटेत पाऊस लागला व गोखल्यांस थंडी बाधली, ह्याचा पश्चात्ताप त्यांनी स्वतःच लिहून ठेविला आहे. १९१३ च्या नोव्हेंबरात दोन हजारांवर मजूर, बायकामुलांसह, ट्रान्सव्हालची सरहद्द ओलांडण्यास निघाले, आणि १९१४ मध्ये तीन पौंडांचा डोईकर रद्द झाला. न्यूटन एकटा धावला, व पहिला येण्यासाठी धावला. त्याच्या मागे येणारास काही मिळावयाचे नव्हते. त्याची चिकाटी त्या मजुरांपेक्षा कमी होती असे कोण म्हणेल? त्यांच्या मागण्यांत मात्र जमीनअस्मानाचे अंतर होते.

आणि शर्यतीचे दार तरी सर्वांस कोठे उघडे होते? १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड ह्या बाईंस अधिकृत प्रवेश नाकारण्यात आला. त्या तशाच धावल्या व ११ तास ३५ मिनिटांत पोहोचल्या, तेव्हा प्रेक्षकांनी वर्गणी करून त्यांस चांदीचा चहाचा संच दिला. १९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू साडेनऊ तासांत पोहोचला. त्याचे नाव निकालात लागले नाही. स्त्रिया व कृष्णवर्णीय ह्यांस अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ मध्ये. कृष्णवर्णीय मनुष्य प्रथम जिंकला तो १९८९ मध्ये, सॅम त्शाबालाला त्याचे नाव. आज तेथे वीस हजारांच्या आसपास माणसे धावतात. ड्रमंडजवळ रस्त्याच्या कडेच्या दरडीत एक कोनाडा आहे; न्यूटन सरावात तेथे टेकत असे असे म्हणतात. जाणारे धावपटू तेथे फूल ठेवतात व त्यास सुप्रभात चिंतितात. १९ जून १९१३ नंतर वर्णद्वेषी कायद्यांनी ज्यांची जमीन हिरावली गेली त्यांस ती परत मागण्याचा हक्क दक्षिण आफ्रिकेत १९९४ च्या कायद्याने मिळाला, आणि त्या दाव्यांचे निकाल अद्याप लागत आहेत.