बेळगावचा नांगर आणि औंधचे कर्ज

बेळगावात किर्लोस्कर रोड नावाचा रस्ता आहे. पंप व इंजिने बनविणाऱ्या मोठ्या उद्योगसमूहाचे नाव म्हणून ते सर्वांना ठाऊक असते. परंतु तो उद्योग याच गावात जन्मला आणि याच गावातून उठून गेला, ही हकीकत नव्या पिढीच्या कानावर फारशी पडलेली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कल्पकतेविषयी व चिकाटीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. मात्र उभा जन्म सरकारी कचेरीत जमाखर्चाचे रकाने तपासण्यात गेल्यामुळे असेल, त्यांचे चरित्र वाचताना मला नेहमी एकच प्रश्न पडत आला आहे. या गृहस्थाला पैसा दिला कोणी?

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर गावचा. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांतील भेद डोळ्यांना नीट कळत नाही असे आढळल्याने तो मार्ग सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षणसंस्थेत शिक्षक झाले. 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि बंधू रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, अशी वाटणी होती. त्या काळी सायकल म्हणजे शेकडो रुपयांची वस्तू. ती चालवायला शिकविण्याचे पंधरा रुपये वेगळे! पुढे मुंबईची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावास आले, तेव्हा त्यांच्यामागे ना जहागीर होती ना सावकारी पेढी. होते ते एवढेच दुकान आणि भावाभावांचा एकोपा.

दुकानदारीत पैसा फिरता असतो. माल आला, विकला, पुन्हा आणला. कारखानदारीत तो अडकून बसतो. लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि नंतर लोखंडी नांगर हाती घेतला. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची त्या वेळी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. हे वाक्य चरित्रांतून आपण सहज वाचून पुढे जातो. पण त्या दोन वर्षांत लोखंडाचे, कोळशाचे, मजुरीचे पैसे देऊन झालेले होते आणि तयार माल पुढ्यात पडून होता. छोटा उद्योग बुडतो तो बहुधा माल वाईट म्हणून नव्हे, तर माल चांगला आहे हे लोकांना पटेपर्यंत तग धरण्याइतका पैसा नसतो म्हणून. इथे ती दोन वर्षे निभावली याचे बरेचसे श्रेय मी सायकलींच्या दुकानाला देतो.

मग बँकेकडे का जाऊ नये? मुंबई इलाख्यात त्या वेळी मोठी बँक म्हणजे बँक ऑफ बॉम्बे. तिला 1876 च्या कायद्याने हात बांधून दिलेले होते. स्थावराच्या तारणावर कर्ज द्यायचे नाही आणि दिलेले कर्ज काही महिन्यांतच परत आले पाहिजे. कापसाच्या गाठी बंदरात पोहोचेपर्यंत व्यापाऱ्याला अशा कर्जाचा उपयोग होई. ज्याला भट्टी बांधायची आहे त्याला ते कुचकामाचे. सावकार दागिने व जमीन पाहून कर्ज देई. 1904 साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि 1905 साली बेळगावापासून फार दूर नसलेल्या गदगजवळच्या कणगिनहाळ येथे त्याखालील पहिल्या पेढ्यांपैकी एक नोंदली गेली. पण तिची दृष्टी शेतकऱ्याच्या गरजेवर होती, ओतकामाच्या कारखान्यावर नव्हे.

अशात बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी जागा हवी म्हणून कारखाना हलविण्यास फर्माविले. भूसंपादनाच्या फायली मी स्वतः हाताळल्या आहेत. कागदावर जमिनीचे क्षेत्र येते, बांधकामाचे मूल्य येते. त्या जागेवर बसलेली घडी, शिकून तयार झालेला कारागीर, ओळखीचा गिऱ्हाईक यांना रकानाच नसतो. नगरपालिकेचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. गावाला वसाहत हवीच होती.

त्या सुमारास लक्ष्मणराव औंध येथे देवीच्या मंदिरासमोरील सभामंडपाच्या कामात होते. बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 साली औंधच्या गादीवर आले होते. त्यांनी हे काम व तो माणूस जवळून पाहिला होता. कारखान्यासाठी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडा, असे त्यांनी सांगितले. लक्ष्मणरावांनी रेल्वेस्थानक पाहून कुंडल रोडजवळचा माळ पसंत केला: बत्तीस एकर, निवडुंगांनी भरलेला, नागांचा. जागेबरोबर दहा हजार रुपयांचे कर्जही मिळाले. 1910 साली पंचवीसएक कामगार आपापल्या कुटुंबांसह बेळगाव सोडून तेथे राहावयास गेले.

या कर्जाला तारण काय होते? माळजमीन संस्थानचीच. यंत्रे जुनी. पाहिलेल्या कामाखेरीज गहाण ठेवण्यासारखे लक्ष्मणरावांपाशी काही नव्हते, असेच म्हणावे लागते. आमच्या बडोद्याच्या वाचकांना इथे सयाजीराव महाराज आठवतील. त्यांनी 1908 साली बँक ऑफ बडोदा स्थापून उद्योगाला पैसा पुरविण्याची संस्थाच उभी केली, आणि 1913 च्या सुमारास अनेक स्वदेशी बँका कोसळल्या त्या वादळातही ती टिकली. औंध हे लहानसे, तुकड्यातुकड्यांत विखुरलेले संस्थान. त्याला बँक काढणे झेपण्यासारखे नव्हते. एक राजा व एक कारागीर यांच्यातील विश्वासावरच तेथे काम भागले. हा मार्ग सर्वांना मोकळा नसतो, हेही खरे. ज्यांना कोणी बाळासाहेब भेटले नाहीत, अशा किती लक्ष्मणरावांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत!

पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर दरबाराकडून मिळालेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. नांगराला मागणी वाढत होती. पण वाढत्या कारखान्याला घरचा पैसा आणि एखाद्याची मर्जी पुरत नाही. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. भागभांडवल म्हणजे परत न करावयाचा पैसा. बुडाला तर भागधारकाचा, वाढला तरी त्याचाच. पण त्यासाठी अनोळखी माणसांनी विश्वास ठेवावा लागतो. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. पुढे मराठी वाङ्मयात नाव मिळविलेले हे मासिक मुळात कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी निघाले होते. कंपनी व मासिक यांचा जन्म एकाच वर्षी झाला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

कुंडल रोड स्थानकाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले. बेळगावही ओस पडले नाही. ओतकामाचे कारखाने येथे नंतर शेकड्यांनी निघाले आणि उद्यमबाग भागात आज त्यांच्या भट्ट्या चालू आहेत. नगरपालिकेला हवी होती ती वसाहत झाली, ती टिळकवाडी. तिच्यातून मी सकाळी फिरावयास जातो. रस्ते रुंद आहेत, झाडी दाट आहे.