उथळ कुंडीचा नियम आणि मुंबईचा पाऊस

बोन्सायची कुंडी निवडताना आपल्याकडे सहसा तीन नियम सांगितले जातात: लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश, खोली बुंध्याच्या जाडीइतकी, आणि पाइनसारख्या झाडांना बिनझिलईची तर फुलाफळांच्या झाडांना झिलईदार कुंडी. हे नियम झाडाच्या स्वभावातूनच आले असावेत असे वाटते, पण इतिहास तसे सांगत नाही. चीनमध्ये इ. स. ७०६च्या सुमारास बांधलेल्या राजपुत्र ली श्यानच्या कबरीतील भित्तिचित्रात सेवकांच्या हातांत तबकांतली चिमुकली झाडे दिसतात. जपानमध्ये १३०९च्या कासुगा चित्रगुंडाळीतही पात्रात वाढवलेली झाडे आहेत. पुढे एदो काळात तिथे खोल कुंड्यांचीही मोठी चलती होती. उथळ, तपकिरी, बिनझिलईच्या कुंडीला मान मिळाला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. चिनी चहा, चित्रे आणि काव्य यांच्या ओढीने ओसाका-क्योतोच्या रसिकांनी चीनमधल्या यिशिंगच्या कुंड्या जवळ केल्या आणि जपानमधल्या तोकोनामेच्या कुंभारांनी त्या वळणाच्या कुंड्या घडवल्या. म्हणजे ज्याला आपण शास्त्र म्हणतो, त्यातला बराच भाग एका काळाची आणि एका हवामानाची अभिरुची आहे.

ही अभिरुची मुंबईतल्या कफ परेडच्या सज्ज्यात जशीच्या तशी आणणे झाडाच्या हिताचे नाही. भराव घालून समुद्रातून काढलेल्या या जमिनीवर उंच इमारती आहेत, पायथ्याशी मच्छीमार नगर आहे, आणि नैर्ऋत्येचा वारा दोघांनाही सारखाच झोडपतो. जून ते सप्टेंबरमध्ये इथे सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि लगेच ऑक्टोबरचे ऊन येते. कुंडीतले पाणी निथळून गेल्यावरही तळाशी ओल्या मातीचा एक थर उरतो. त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. त्यामुळे उथळ कुंडीत जवळजवळ सगळी मुळे त्या थरात बुडून राहतात, तर थोड्या खोल कुंडीत वरच्या मुळांना हवा मिळते. ऑक्टोबरात हीच खोली उपयोगी पडते, कारण उथळ माती दुपारपर्यंत तापून कोरडी होते. वड, पिंपळ, उंबर ही आपली बोन्सायची झाडे जोमाने मुळे धरणारी. त्यांना दोन-तीन बोटे जास्त खोली, तळाला मोठी भोके आणि वाऱ्यात न हलणारे वजन देणेच योग्य.

यावर पहिला आक्षेप सौंदर्याचा असेल: उथळ तबकामुळे झाड विस्तीर्ण माळावर उभे असल्यासारखे भासते, खोली वाढली की तो भास जातो. आक्षेपात तथ्य आहे, पण भास केवळ खोलीवर अवलंबून नसतो. रुंद तोंड, आत वळलेल्या भिंती आणि बारीक पाय असले, तर जास्त खोल कुंडीही हलकी दिसते. शिवाय आपली नजर काही उथळ तबकावर घडलेली नाही. अंगणातल्या तुळशी वृंदावनात रोप खोल, भक्कम चौथऱ्यावर उभे असते आणि तिथे ती उंची शोभेचाच भाग मानली जाते.

दुसरा आक्षेप मातीचा. आपली लाल कुंडी हजार अंशांच्या आत भाजलेली, सच्छिद्र आणि ठिसूळ. बोन्सायची दगडासारखी कुंडी त्याहून पुष्कळ तापवलेली. जपानच्या हिवाळ्यात सच्छिद्र मातीत शिरलेले पाणी गोठते, फुगते आणि कुंडी तडकते, म्हणून तिथे जास्त भाजणे भाग आहे. मुंबईत मात्र १९६२च्या जानेवारीत नोंदलेला नीचांकही ७.४ अंश होता. इथे गोठण्याची भीती नाही. उलट भिंतीतून होणारे बाष्पीभवन मुळांना गारवा देते. साचणाऱ्या क्षारांची आणि ठोकर लागून फुटण्याची तक्रार खरी आहे. तिला उपाय म्हणजे जाड भिंत आणि अधूनमधून भरपूर पाण्याने धुणे.

अशी कुंडी घडवणारे हात याच शहरात आहेत. दक्षिण मुंबईतल्या कुंभारवाड्यात आता फक्त नाव उरले आहे. कुंभारांची मोठी वस्ती धारावीत आहे. सौराष्ट्रातून आलेल्या या घराण्यांच्या चाकावर पणती, मडके, कुंडी अजून उतरते. झाडाची मापे घेऊन त्यांच्याकडून कुंडी करवून घेणे म्हणजे परंपरा सोडणे नव्हे. तोकोनामेच्या कुंभारांनीही परक्या नमुन्यावरून आपल्या मातीत आपली कुंडी केली. नियम घ्यायचा तर परका नमुना आपल्या मातीत बसवण्याचा घ्यावा.