आठ म्हणण्यासाठी एकपासून

2011 च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ स्कूटरवरून घसरला. हेल्मेट नव्हतं. डोक्याला डावीकडे खोक पडली, जवळच्या दवाखान्यात टाके घातले आणि स्वारी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मागताना तो म्हणाला, "ताई, छत्री दे." आम्ही सगळे हसलो! संध्याकाळपर्यंत त्याचं बोलणं पार विस्कटलं, तेव्हा कुठे आमची धावपळ सुरू झाली. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव दिसला. "सकाळीच आणायला हवं होतं," डॉक्टर एवढंच म्हणाले. ते हसणं मला अजून टोचतं.

ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण शब्द हरवले. मी पडले जन्मभर मराठी शिकवलेली बाई. वर्गात करायचे तेच घरी केलं. "छत्री नाही रे, चहा. म्हण बरं, चहा." आठवडाभरात त्याने बोलणंच सोडलं.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्याला वाचाघात म्हणतात. ह्यांची समज बरीचशी शाबूत आहे. शब्दापर्यंत जायची वाट मोडली आहे. तुम्ही परीक्षा घेऊ नका, थांबायला शिका." मग मी ह्या विषयावर मिळेल ते वाचू लागले. इतिहासाची आवड जुनीच.

तर मंडळी, ही गोष्ट फार जुनी निघाली. 1862 साली एडविन स्मिथ ह्या अमेरिकन माणसाने इजिप्तमध्ये लक्सर इथे एक पपायरस विकत घेतला. तो सुमारे 3600 वर्षांपूर्वीचा, आणि त्यातला मजकूर त्याहूनही जुना मानतात. त्यात जखमांची 48 प्रकरणं आहेत. एकाच्या कानशिलाला हाडापर्यंत घाव बसला आहे, विचारलं तर तो बोलत नाही. वैद्याचा निर्णय एका ओळीचा: ह्यावर उपचार नाही.

1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका ह्यांनी एक रुग्ण पाहिला. त्याला कितीतरी वर्षं 'टॅन' एवढंच उच्चारता येई. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूत डावीकडे, पुढच्या भागात बिघाड सापडला. जागा कळली, पण वाट कशी दुरुस्त करायची?

त्याचं उत्तर, दुर्दैवाने, महायुद्धाने शोधायला लावलं. डोक्याला गोळ्या लागलेले जवान सोव्हिएत डॉक्टर अलेक्झांडर ल्युरिया ह्यांच्याकडे उरल भागातल्या रुग्णालयात येत. त्यांतला एक झासेत्स्की. मार्च 1943 मध्ये स्मोलेन्स्कच्या लढाईत डोक्यात गोळी लागली, आणि इंजिनिअरिंग शिकणारा हा तरुण अक्षरओळखही विसरला. एखादं अक्षर हवं असलं, की त्याला मुळाक्षरं पहिल्यापासून म्हणत तिथवर जावं लागे. लिहिताना एकेक अक्षर आठवू लागला की सगळं अडे. मग त्याला सांगण्यात आलं, विचार न करता, हात न उचलता सबंध शब्द लिहून टाक. आणि हात चालू लागला! डोकं विसरलं होतं, हाताची सवय विसरली नव्हती.

पुढे सुमारे 25 वर्षं तो लिहीत राहिला, कधी दिवसभरात दोन-चार ओळी. 3000 पानं झाली. आपलं लिहिलेलं त्याला धड वाचता येत नसे. तो बरा झाला नाही, पण स्वतःची हकीकत त्याने स्वतः सांगितली. ल्युरियांनी ती 1971 साली पुस्तकरूपाने छापली.

हे वाचून मी दचकलेच. कारण आमच्या ह्यालाही 'आठ' म्हणता येत नसे, पण एक-दोन-तीन सुरू करून दिलं की तो आठपर्यंत बरोब्बर पोचे. आणि बेचा पाढा तर न अडखळता! लहानपणी परवच्यात घोटलेली ती वाट शाबूत होती. मग आम्ही तिथूनच सुरुवात केली. मी दुरुस्त करणं सोडलं आणि वाट पाहायला लागले. चाळीस वर्षं शिकवून हे मला येत नव्हतं.

आजही तो शब्दासाठी थांबतो. घरातलं कुणी तो पुरवायला गेलं की हात वर करून गप्प करतो.

असो. डोक्याला मार लागल्यावर कुणी वेडंवाकडं बोललं, अडखळलं, तर हसू नका. त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या.