बर्म्युडातील पांढरा फळा

फेब्रुवारी १९९६. अटलांटिक महासागरातील बर्म्युडा हा ब्रिटिश अंमलाखालील बेटांचा चिमुकला समूह, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर दूर. तेथील एका हॉटेलात मानवी जीनोमच्या वाचनात गुंतलेल्या प्रयोगशाळांचे प्रमुख जमले होते. यजमान आणि खर्च करणारी संस्था होती लंडनची वेलकम ट्रस्ट. चर्चेच्या ओघात एक दाढीवाला इंग्रज शास्त्रज्ञ पांढऱ्या फळ्यापाशी उभा राहिला. तो लिहीत होता, पुसत होता, पुन्हा लिहीत होता. अखेर फळ्यावर उरल्या त्या जेमतेम तीन ओळी.

त्यांचा आशय असा: एक हजार अक्षरांहून लांब जोडलेला प्रत्येक तुकडा आपोआप, शक्यतो रोजच्या रोज, खुला करावा. पूर्ण झालेला अनुक्रम तत्काळ प्रसिद्ध करावा. आणि संपूर्ण मानवी अनुक्रम संशोधन व विकास या दोहोंसाठी सर्वांना मुक्तपणे उपलब्ध व्हावा, जेणेकरून समाजाचे अधिकाधिक हित होईल.

हा शास्त्रज्ञ म्हणजे जॉन सल्स्टन, केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन गावातील सँगर सेंटरचा संचालक. ज्या काळी शोधनिबंध छापून येईपर्यंत नोंदवही कुणाला दाखवायची नाही, हाच विज्ञानातील शिष्टाचार होता, त्या काळी ही मागणी जवळजवळ वेडगळ होती. ब्रिटिश चमूला ती सुचली कशी, याचे उत्तर मानवात नाही. ते एका कृमीत आहे.

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा मातीत राहणारा, एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक सूत्रकृमी. सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात केंब्रिजच्या प्रयोगशाळेत त्याला अभ्यासविषय म्हणून निवडले. सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीचे विभाजन पाहत त्याची वंशावळ रेखाटली. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात बरोबर ९५९ कायिक पेशी असतात, आणि त्यांपैकी प्रत्येकीचे पूर्वज ज्ञात आहेत. १९८३ साली भ्रूणावस्थेतील वंशावळ पूर्ण झाली. विज्ञानाच्या इतिहासात चिकाटीची याहून चांगली उदाहरणे फार सापडत नाहीत.

पुढे सल्स्टन आणि ॲलन कूल्सन यांनी याच कृमीच्या डीएनएचा नकाशा करायला घेतला. अमेरिकेतील सेंट लुइसचे रॉबर्ट वॉटरस्टन त्यांना येऊन मिळाले. नकाशाचे काम असे असते की एकाचा तुकडा दुसऱ्याच्या तुकड्याशी जुळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. म्हणून अर्धवट नकाशाही सगळ्यांना वाटला जाई. कृमी-अभ्यासकांचे एक वार्तापत्र १९७५ पासून निघत होते आणि त्यात अप्रकाशित निष्कर्ष बिनदिक्कत छापले जात. याच वातावरणात केंब्रिजमध्ये रॉजर स्टेडन यांनी अनुक्रम जोडण्याच्या संगणक-आज्ञावल्या लिहिल्या, तर रिचर्ड डर्बिन आणि फ्रान्सचे ज्याँ तिएरी-मिएग यांनी कृमीच्या माहितीसाठी ‘एसडीबी’ हा डेटाबेस घडवला. पुढे तोच मानवी अनुक्रमासाठीही वापरला गेला.

तेव्हा ब्रिटिशांनी बर्म्युडाला केवळ एक तत्त्व नेले नव्हते. ते पाळता येते याचा पुरावाही त्यांच्या हाती होता. हिंक्स्टन आणि सेंट लुइस येथे नवा अनुक्रम रोजच्या रोज सर्व्हरवर चढत होता. शिवाय १९९४ पासून युरोपीय जैवमाहितीशास्त्र संस्था हिंक्स्टनच्याच आवारात आली होती. तिचा अनुक्रमकोश, अमेरिकेतील जेनबँक आणि जपानमधील डीडीबीजे हे तिघे दररोज आपापल्या नव्या नोंदींची देवघेव करत. म्हणजे एका ठिकाणी टाकलेली अक्षरे लवकरच तिन्ही खंडांत पोहोचत. ही नळयोजना आधीच तयार होती. बर्म्युडात ठरले ते एवढेच की तोटी बंद ठेवायची नाही.

पण बंद ठेवण्याचा मोह कुणाला होता? उत्तर: पुष्कळांना.

१९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने क्रेग व्हेंटर यांनी वाचलेल्या जनुकांच्या तुकड्यांवर पेटंटसाठी अर्ज केले होते. त्या जनुकांचे कार्य काय, हे कुणालाच ठाऊक नव्हते. डीएनएच्या संरचनेचे सहशोधक जेम्स वॉटसन यांनी याला कडाडून विरोध केला आणि १९९२ मध्ये ते जीनोम प्रकल्पाच्या प्रमुखपदावरून पायउतार झाले. त्याच सुमारास एका अमेरिकी गुंतवणूकदाराने सल्स्टन व वॉटरस्टन यांना सिॲटलमध्ये खासगी कंपनी काढून द्यायची तयारी दाखवली. ब्रिटनचे सर्वात कसलेले अनुक्रम-तज्ज्ञ देश सोडतील, ही धास्ती वेलकम ट्रस्टला हलवून गेली. औषध कंपनीतील आपले समभाग विकून ट्रस्ट तेव्हा नुकतीच धनाढ्य झाली होती. तिच्या पैशातून सँगर सेंटर उभे राहिले आणि १९९३ मध्ये खुद्द फ्रेडरिक सँगर यांनी त्याचे उद्घाटन केले. नाव वापरायला परवानगी देताना, ‘केंद्र चांगले निघाले पाहिजे’ अशा अर्थाची तंबी त्यांनी दिली होती म्हणतात. दोन नोबेल मिळवलेल्या माणसाकडून ही तंबी ऐकणे सोपे नसावे.

आणि मग बीआरसीए२. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे हे जनुक लंडनचे मायकेल स्ट्रॅटन आणि अमेरिकेतील मिरियड जेनेटिक्सचे मार्क स्कॉल्निक यांचे गट मिळून शोधत होते. जनुक सापडल्यास पेटंट कुणाचे आणि अटी कोणत्या, या प्रश्नावर स्ट्रॅटन १९९४ मध्ये वेगळे झाले. सँगर सेंटरने त्यांच्यासाठी गुणसूत्र १३ वरील तो प्रदेश वाचला. डिसेंबर १९९५ मध्ये स्ट्रॅटन यांच्या गटाचा शोध ‘नेचर’मध्ये आला. त्याच सुमारास मिरियडनेही पेटंटसाठी अर्ज केला. सँगरने आपला अनुक्रम खुला केला होता. तो सर्वांसाठी होता, आणि सर्वांत मिरियडही आलेच. बर्म्युडाची बैठक भरली ती यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत. फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीत ‘समाजाचे हित’ का आले, हे यावरून उमगते.

या कथेला निव्वळ उदारतेची कथा समजणे भाबडेपणाचे ठरेल. रोजच्या रोज माहिती खुली केली की कोण किती वाचतो आहे, हे सर्वांना दिसते. मोठमोठे प्रदेश नावावर करून हळूहळू काम करणाऱ्या प्रयोगशाळा आपोआप उघड्या पडतात. सर्वाधिक वेगवान केंद्रांना हा नियम परवडणारा होता, लहान केंद्रांना तितका नव्हता. शिवाय अपुरा अनुक्रम दुसऱ्याने उचलून आधी निबंध छापला तर काय, हा प्रश्न बर्म्युडात सुटला नाही आणि नंतर कित्येक वर्षे धुमसत राहिला.

बैठकीला हजर असलेल्यांना आपापल्या सरकारला बांधून घालण्याचा अधिकारही नव्हता. अमेरिकेच्या जीनोम संस्थेने एप्रिल १९९६ मध्ये हेच धोरण स्वीकारले आणि कच्च्या अनुक्रमावर पेटंट घेऊ नये असे आपल्या अनुदानितांना बजावले. जर्मनीत मात्र उद्योगांना तीन महिने आधी माहिती पाहू द्यावी असा घाट होता. इतर देशांच्या दबावानंतर तो सोडून द्यावा लागला. १९९७ मध्ये दुसरी बैठकही बर्म्युडातच झाली, तुकड्याची मर्यादा एक हजारावरून दोन हजार अक्षरे झाली, बाकी नियम टिकला.

खरी कसोटी मे १९९८ मध्ये आली. व्हेंटर यांनी खासगी कंपनीच्या बळावर तीन वर्षांत मानवी जीनोम वाचण्याची घोषणा केली. ही कंपनी पुढे सेलेरा म्हणून ओळखली गेली. सार्वजनिक प्रकल्प गुंडाळावा, अशी कुजबुज वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली. काही दिवसांतच वेलकम ट्रस्टचे मायकेल मॉर्गन आणि सल्स्टन अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे जमलेल्या शास्त्रज्ञांसमोर उभे राहिले. ट्रस्ट आपला निधी जवळपास दुप्पट करत आहे आणि सँगर सेंटर एकटे मानवी अनुक्रमाचा एक-तृतीयांश भाग वाचेल, असे मॉर्गन यांनी जाहीर केले. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. अमेरिकी प्रकल्पाचा कणा पुन्हा ताठ झाला तो एका ब्रिटिश धर्मादाय संस्थेमुळे, ही बाब तिकडच्या कथनांत बऱ्याचदा एका वाक्यात उरकली जाते.

यातला विरोधाभास असा की रोज खुला होणारा हा अनुक्रम सेलेराही रोज उतरवून घेत होती आणि स्वतःच्या जुळणीत वापरत होती. सल्स्टन यांना ते बोचत असे, पण नियम बदलावा असे त्यांनी म्हटले नाही.

२६ जून २००० रोजी मानवी जीनोमचा कच्चा मसुदा तयार झाल्याची घोषणा झाली, एप्रिल २००३ मध्ये काम पूर्णत्वास गेले. सल्स्टन यांना २००२ मध्ये ब्रेनर व रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्यासह नोबेल मिळाले, तेही मानवी जीनोमसाठी नव्हे, तर त्या मिलिमीटरभर कृमीसाठी. मार्च २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी, १३ जून २०१३ रोजी, मिरियडच्याच खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला होता: शरीरातून नुसता वेगळा काढलेला नैसर्गिक डीएनए पेटंटयोग्य नाही.